प्रीसेटवरचा लाल थेंब

फुलपाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांगड्या-टिकल्यांचं एक दुकान आहे. दुकानदार मला लांबूनच बघतो आणि विचारतो, "मॅडम, तोच लाल?" मी आयुष्यात कधी नखं रंगवली नाहीत. बोटांवर सोल्डरचे जुने चटके, नखं कायम कापलेली, त्यावर रंग कुठे लावणार. तरी दर काही महिन्यांनी मी त्याच्याकडून लाल नेलपॉलिशची बाटली नेते आणि ही बाई ते लावते कुठे, हे कोडं त्याला अजून सुटलेलं नाही. एकदा त्याने कौतुकाने नव्या छटा काढून दाखवल्या. मी म्हटलं, छटेचं राहू द्या, लवकर वाळतं का ते सांगा. तेव्हापासून तो माझ्याशी जरा बेतानेच बोलतो.

नेलपॉलिश मला कामाला लागतं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मी सर्किटं डिझाइन करते. आम्ही मोजायची यंत्रं बनवतो आणि त्यातला माझा भाग म्हणजे रेफरन्स व्होल्टेज. सांडोरहून केळी आणि भाजी घेऊन एक बाई स्टेशनबाहेर बसते. ती तराजूत किलोचं वजन टाकते. ते वजन खरं असेल तर तिची भेंडी खरी, वांगी खरी. सर्किटमध्ये त्या वजनाच्या जागी एक ठरलेलं व्होल्टेज असतं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं असतं. फरक इतकाच की माझं वजन गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येतं. तीन पायांची एक चिप, दोन रेझिस्टर आणि एक प्रीसेट. प्रीसेट म्हणजे हरभऱ्याएवढी निळी डबी, तिच्या डोक्यावर पितळेचा बारीक स्क्रू. स्क्रू फिरवला की रेफरन्स वर-खाली सरकतो. मीटरकडे बघत तो हवा तिथे आणायचा आणि मग स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा. थेंब वाळला की स्क्रू आपोआप हलत नाही, आणि कुणी मुद्दाम हलवला तर थेंब फुटतो, म्हणजे चोरी लगेच कळते. आमच्या गाळ्यात थेंब पडला की विषय संपला.

याशिवाय माझी स्वतःची एक शिस्त आहे. प्रीसेटला मोकळं रान कधी द्यायचं नाही. त्याच्या दोन्ही अंगांना पक्के, न फिरणारे रेझिस्टर बसवायचे, म्हणजे स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी रेफरन्स जेमतेम हलतो. ज्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आहे तो कधी ना कधी चुकणार, तेव्हा त्याला चुकायला जागाच कमी ठेवलेली बरी. गाळ्यातले लोक यावरून मला चिडवतात, की मॅडमचा कुणावरच विश्वास नाही. खरंच नाही. फक्त एकदा, घरासाठी बनवलेल्या एका डबीत, मी प्रीसेट मोकळा सोडला. बॅटरी कशी वागेल याचा अंदाज नव्हता आणि मला घाई होती.

घरासाठी डबी करायची वेळ आली ती नवऱ्यामुळे. तो शाळेत गणित शिकवायचा. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता त्याचा, आणि मीठ मागतानाही तोच आवाज लावायचा. मी किती वेळा म्हटलं असेन की समोर वर्ग नाही, मी आहे. आता तो एक वाक्य तीन तुकड्यांत बोलतो आणि मधल्या तुकड्यांत श्वास घेतो. त्याची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की झालंय ते मागे फिरत नाही, पुढे जायचा वेग फक्त कमी करता येईल. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून ते नळीने त्याच्या नाकात सोडतं. दिवसरात्र घरघरत असतं. आधी त्या घरघरीने माझं डोकं उठायचं, आणि थोड्याच दिवसांत असं झालं की ती थांबली तर मी झोपेतून उठून बसायची.

मशीन विजेवर चालतं आणि आमच्याकडे लाईट जाते. गेली की कधी चहा होईपर्यंत येते, कधी दुपार उलटते. म्हणून इन्व्हर्टर घेतला, मोठी बॅटरी घेतली, दोन्ही बाल्कनीत ठेवली. बॅटरीही संपली तर, म्हणून पलंगाशी ऑक्सिजनचा एक सिलिंडर उभा केला. पण सिलिंडरची चावी कडक आहे. ती फिरवायला नवऱ्याला उठून जोर लावावा लागतो, आणि नळी बाजूला झाली की त्याला तेवढा जोरही करवत नाही. दिवसा घरात त्याच्याबरोबर फक्त सासूबाई. त्यांची मनगटं संधिवाताने गेलेली. आमच्या मजल्यावरची माणसं सकाळी कुलपं लावून जातात. मदतीला बायका ठेवून पाहिल्या. नवऱ्याने त्यांच्याशी इतकं तुटक वागून दाखवलं की एकही टिकली नाही. माझी नोकरी सुटण्यासारखी नव्हती. त्याची कारणं सगळ्या घरांत असतात तीच.

सासूबाई वसईकडच्या भातशेतीच्या गावातल्या. अजून 'पानी' म्हणतात, आणि माझ्या शुद्ध 'पाणी'ला मनातल्या मनात हसतात असा मला संशय आहे. आमच्या घरात त्यांच्यासाठी पाळलेली एक पद्धत आहे. नवरा-बायको आम्ही कॉलेजपासूनचे, एकमेकांना अरे-तुरेच करतो. पण लग्न झाल्यापासून सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणत आले. त्या खोलीतून गेल्या की 'अरे'. त्यांना हे माहीत नाही असं मी धरून चालले होते.

नवऱ्याची खोड अशी की त्रास झाला तर तो सांगणार नाही. लाईट गेली तर फोन कर, असं मी त्याला हात जोडून सांगितलं. त्याने एकदाही केला नाही. उगाच कशाला, तू कामात असतेस. सासूबाईंना फोन उचलता येतो, लावता येत नाही. मग मी ठरवलं की ज्याला तोंड आहे तो बोलत नसेल तर बॅटरीला बोलायला लावू. एक डबी केली. तिच्यात एक रेफरन्स. बॅटरीचं व्होल्टेज सतत त्याच्याशी ताडून पाहायचं. बॅटरी अर्ध्यावर आली, म्हणजे मशीनचा भार असताना व्होल्टेज साडेअकरा व्होल्टच्या खाली घसरलं, की डबीने शिट्टीसारखा आवाज करायचा आणि आत बसवलेल्या सिमकार्डावरून मला फोन लावायचा. तिथून बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत जो वेळ उरतो, तेवढ्यात मी वसईहून घरी पोचते. स्क्रू साडेअकरावर आणला, थेंब टाकला. नवरा पलंगावरून बघत होता. हे सगळं त्याला आवडायचं. हे कशाला, ते कशाला, असं वर्गातल्या पोरासारखं विचारत बसायचा. त्या दिवशी त्याने विचारलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद कधी पडतो. मी सांगितलं, साडेदहा व्होल्टला. त्याने मान डोलावली.

मग माझं धावणं सुरू झालं. त्या उन्हाळ्यात लाईट वरचेवर जात होती. गाळ्यात फोन वाजायचा, पडद्यावर डबीचा नंबर. मी हातातलं टाकून स्कूटर काढायची. नालासोपाऱ्याच्या गर्दीतून, खड्ड्यांतून, हॉर्नवर अंगठा ठेवून फुलपाडा. लाईट गेलेली म्हणजे लिफ्ट बंद. आम्ही चौथ्या मजल्यावर. मी जिने चढत नसे, अंगावर घेत असे. दारात पोचले की माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि माझा भाता एवढ्या जोरात चालायचा की नवऱ्याच्या धापेचा आवाज त्यात बुडून जायचा. पुष्कळदा मी पोचेपर्यंत लाईट आलेली असायची. तो नळी लावून पडलेला, पंखा फिरतोय, आणि मी घामाने भिजून दारात. तो माझ्याकडे बघून डोळे मिटून घ्यायचा. मला वाटायचं, दमलाय.

एकदा जिन्यात माझा पाय घसरला आणि गुडघा फुटला. त्याने ते सुजलेलं बघितलं आणि रात्रभर तोंड फिरवून झोपला. मला राग आला. वाटलं, जखम माझी आणि रुसवा याचा. तेव्हा विचारायला हवं होतं, पण मी कुणाला काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हते. मी फक्त फोनकडे बघत जगत होते. जेवताना फोन ताटाशी. अंघोळीला जाताना फोन खिडकीत. दुसऱ्या कुणाचा फोन आला तरी मी आधी स्कूटरची किल्ली उचलायची. आणि फोन आला नाही की वाटायचं, आज देवाने ऐकलं.

त्या दिवशी फोन आला नाही. दिवसभर नाही. मी किती महिन्यांनी शांतपणे डबा खाल्ला. एका नव्या बोर्डाचा रेफरन्स उन्हात ठेवल्यावर सरकत होता, त्याचं कारण सापडलं, म्हणून खुशीतही होते. संध्याकाळी नेहमीच्या वेळी निघाले, स्टेशनबाहेर केळी घेतली, त्या बाईशी दोन शब्द बोलले. इमारतीखाली आले तर लिफ्टचा दिवा बंद. वॉचमन म्हणाला, दुपारपासून लाईट नाही.

केळी तिथेच पडली. वर पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि घरात घरघर नव्हती. नवरा पलंगावर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले. ओठ जांभळे. नाकात नळी तशीच होती, पण तिच्यातून काही येत नव्हतं. सासूबाई त्याच्या पाठीशी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. सिलिंडरची चावी मी कशी फिरवली ते मला आठवत नाही. तळहाताची साल निघाली होती हे नंतर दिसलं. नळी सिलिंडरला जोडली, त्याच्या नाकाशी धरली आणि त्याचं बोट दाबून बसले. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात त्या यंत्रातला आकडा वर चढायचं नाव घेईना. मी त्या आकड्याला शिव्या दिल्या. देवाला दिल्या, इन्व्हर्टरला दिल्या, सगळ्यात जास्त त्या डबीला दिल्या. मग आकडा हळूहळू हलला.

सासूबाई रडत नव्हत्या. त्या सारख्या एकच सांगत होत्या. "मी म्हनले, तिला फोन लाव. तो म्हनला, थांब आई, डबी वाजली की ती येल. मी वाट बघत बसले. डबी वाजलीच नाय."

रात्री त्याला डोळा लागला तशी मी बाल्कनीतून डबी काढून आणली. आधी सिमकार्ड पाहिलं, ठीक होतं. शिट्टी वाजवून पाहिली, वाजली. चिप चांगली. मग रेफरन्सच्या पायावर मीटर लावला आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. हिशेब केला तर डबी आता साडेदहाच्याही खूप खाली वाजणार होती. म्हणजे इन्व्हर्टर आधी बंद पडणार, बॅटरीवरचा भार निघणार, व्होल्टेज पुन्हा वर येणार आणि डबीला कधीच काही कळणार नाही. प्रीसेट पार टोकापर्यंत फिरवलेला होता.

पण थेंब जागेवर होता. लाल, अख्खा, कुठे तडा नाही. क्षणभर मला वाटलं की मीच वेडी झाले, मीच चुकीच्या आकड्यावर बंद केला. मग मी डबी दिव्याखाली धरली. मी थेंब टाकते तो कसाही. अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूला ओघळलेला. गाळ्यातही सगळे असाच टाकतात, तिथे कुणाला रांगोळी काढायची नसते. हा थेंब गोल होता. स्क्रूच्या खाचेत नीट भरलेला, कडेला एक रेघ नाही. वर्षानुवर्षं वह्यांवर लाल शाईने बरोबरच्या खुणा करणाऱ्या माणसाने तो ठेवला होता. जवळ नेलं तर वासही ताजा होता.

मी त्याला लगेच उठवलं नाही, एवढं माझ्या हातून झालं. सकाळी त्याचा चहा झाला. सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. मी डबी त्याच्यासमोर ठेवली.

"हे तू फिरवलंस?"

सासूबाईंचा हात ताटात थांबला. मला तेव्हा कळलंही नाही की मी त्यांच्यासमोर काय म्हणाले. त्याने डबीकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे.

तो म्हणाला, तुकड्यातुकड्यांत, की मी दारात येते तेव्हा त्याला ते ऐकवत नाही. "माझ्या धापेची मला सवय झाली. तुझी धाप नाही ऐकवत." गुडघा फुटला त्या दिवशी त्याने ठरवलं होतं. त्याला वाटलं, थोडं उशिरा वाजलं तर बरं, तोवर पुष्कळदा लाईट येतेच, तुझी फेरी वाचेल.

मी विचारलं, "उशिरा वाजावं म्हणून, की वाजूच नये म्हणून?"

साडेदहाचा आकडा त्याने मला विचारून घेतला होता. तो गणिताचा मास्तर आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्याने डोळे मिटून घेतले, जसे मी दारात धापा टाकत उभी असताना मिटायचा तसेच. मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू मला विचारल्याशिवाय कसा ठरवतोस, मी घरी यावं ते कुणासाठी, तुझ्या आईला वारा घालत बसवून तू तिच्यासमोर काय करणार होतास, असं सगळं. प्रत्येक वाक्यात 'तू'. मध्येच भान आलं आणि मी सासूबाईंकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, "बोल. थांबू नको. कॉलेजात असल्यापासून त्याला तूच म्हनतेस, मला काय ऐकू येत नाय?" आणि मग मुलाकडे वळून, कधी नव्हे त्या कठोर आवाजात, "मला डबी वाजल सांगून बसवलास."

तेव्हा तो रडला. रडायलाही श्वास लागतो, आणि तो त्याच्याकडे नव्हता. म्हणून ते पाहवत नव्हतं.

त्या दिवशी मी रजा टाकली आणि डबीतला प्रीसेट गरम करून उपटून काढला. त्याच्या जागी दोन पक्के रेझिस्टर बसवले, नेमके साडेअकरासाठी मोजून काढलेले. आता फिरवायला काहीच नाही. स्क्रू नाही, थेंबही नाही. नवऱ्याने पलंगावरून विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, नाही. त्याने मान डोलावली. निदान त्यावर वाद घातला नाही.

काही आठवडे डबी बरोबर वाजत राहिली. मी धावत राहिले. त्याचे डोळे मिटणं चालूच होतं. सिलिंडरच्या चावीला मी तेल देऊन आणि लांब पाइपची मूठ लावून ती सासूबाईंच्या हाताने फिरेल अशी केली. त्या रोज दुपारी एकदा फिरवून बघायच्या. पण मशीन बंद पडल्यावर त्याच्या बोटाचा आकडा किती भराभर उतरतो ते मी बघत होते. पूर्वी थोडा वेळ तरी टिकायचा. डॉक्टरांनी छातीचे नवे फोटो पाहिले आणि सांगितलं की आताचं मशीन पुरणार नाही, मोठं घ्या. मोठं मशीन आलं. त्याची घरघर शेजारच्या खोलीतही ऐकू येते. आणि ते जवळजवळ दुप्पट वीज खातं.

पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा डबी त्याच क्षणी किंचाळली. मी गाळ्यातून धावत आले, तर बॅटरी भरलेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्यांदाही. चौथ्या मजल्यावर पोचून मी मीटर लावला आणि मला कळलं. भार वाढला की बॅटरीचं व्होल्टेज सुरुवातीलाच वाकतं. भरलेली बॅटरीसुद्धा मोठ्या मशीनखाली साडेअकराच्या खाली जात होती. आकडा तोच होता, त्याचा अर्थ बदलला होता. नवरा म्हणाला, "बघ. मी हात पण लावला नाही." त्याला हसू येत होतं. मला नाही आलं. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले.

कारण तोपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं की पक्के रेझिस्टर लावून मी नुसता त्याचा हात अडवला नव्हता. हा माणूस आज जेवढा आजारी आहे तेवढाच राहील, असं मी त्या डबीत गोठवून ठेवलं होतं. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आले की जग सरकतं, उष्णतेने सरकतं, वयाने सरकतं, म्हणून रेफरन्स जुळवून घेता यायला हवा. आणि माझ्या घरात मला ते नको होतं. स्क्रू परत बसवायचा म्हणजे तो परत फिरवावा लागणार हे मान्य करायचं. आणि फिरणार तो एकाच दिशेला.

रविवारी आम्ही बॅटरीची परीक्षा घ्यायला बसलो. मेन स्विच मुद्दाम बंद केला, मोठं मशीन बॅटरीवर चालू ठेवलं, सिलिंडर उघडून हाताशी ठेवला. मला बाल्कनीतलं तापमानही बघायचं होतं, म्हणून मीटर नवऱ्याच्या हातात दिला. तो आकडे वाचून सांगू लागला. अकरा पॉइंट तीन. थांबून, अकरा पॉइंट दोन. त्याच्या आवाजात जरा वर्ग परत आला. सासूबाई त्याच्या पायाशी बसून मटार सोलत होत्या, मध्येच म्हणाल्या, "पानी पी, मग वाच." तो प्यायला आणि वाचत राहिला. बॅटरी किती वेळात कुठे येते आणि मला वसईहून यायला किती लागतं, याचा मेळ त्यानेच घातला. जोडणी माझी, गणित त्याचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं एका कामावर आम्ही कधी बसलो नव्हतो.

मग प्रीसेट. या वेळी दोन्ही अंगांना पक्के रेझिस्टर बसवायचेच, शिस्तीप्रमाणे. वरच्या बाजूला काही प्रश्न नव्हता. अडले ते खालच्या बाजूला. मशीनचा भार वाढेल तसा स्क्रू खाली न्यावा लागणार. तर खाली सरकायला किती जागा ठेवायची? मी कागदावर आकडा मांडला, खोडला, पुन्हा मांडला. तो आकडा मांडायचा म्हणजे हा अजून किती खालावेल ते मी माझ्या हाताने लिहायचं. थोडी जागा ठेवली तर तो फार खालावणार नाही अशी आशा. की तेवढे दिवसच नाहीत असं? माझ्या हातातली सोल्डरिंगची सळई तापून धुरावली, मी तशीच बसले होते.

त्याने बघितलं. त्याला सगळं समजलं होतं, त्याला सर्किट समजतं.

"खाली भरपूर जागा ठेव," तो म्हणाला. श्वास घेतला. "लागू दे मला."

मी ठेवली. शिस्तीत बसवलेल्या कुठल्या प्रीसेटला दिली नसेल एवढी, फक्त साडेदहाच्या वर. स्क्रू त्याने सांगितलेल्या आकड्यावर आणला, दोनदा तपासला. वर बघितलं तर त्याने नेलपॉलिशची बाटली उघडून माझ्यापुढे धरली होती. मी बाटलीचं झाकण लावलं. म्हटलं, राहू दे, परत फिरवावा लागेल. त्याने बाटली खाली ठेवली. मग माझा बारीक स्क्रू-ड्रायव्हर उचलला, शेजारी पडलेल्या माझ्या पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढून बंद केली.

परवा दुपारी डबीचा फोन आला. मी गाळ्यातून निघाले, तेच खड्डे, तेच जिने. दार सासूबाईंनी उघडंच ठेवलं होतं. मी भिंतीला हात टेकवून उभी राहिले, तोंडातून शब्द फुटत नव्हता. नवरा पलंगावर नळी लावून बसला होता. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. माझी धाप थांबेपर्यंत तो माझ्याकडे बघत ती ऐकत राहिला.